शोधपत्रकारितेचे शिक्षण : अर्ज कोणी करायचा?

कवितासंग्रहाचे परीक्षण करताना आपण शब्दाशब्दाला थांबतो. कोणती प्रतिमा कोणत्या जाणिवेतून आली, कोणता अनुभव वगळला गेला, निवेदकाचा 'आम्ही' नेमका कोणाचा, हे सारे तपासतो. फेलोशिपच्या जाहिरातीकडे मात्र आपण नोटीस-बोर्डावरचा कागद म्हणून पाहतो; अंतिम तारीख वाचतो आणि पुढे जातो. वास्तविक तीही एक संहिता आहे. तिचाही एक गृहीत वाचक असतो, आणि तो वाचक कोण हे शोधणे समीक्षेचेच काम आहे. शोधपत्रकारिता आणि आकडेवारीची पत्रकारिता (हल्ली तिला सरसकट 'डेटा जर्नालिझम' म्हणतात) यांच्या प्रशिक्षणासाठी आज जगभर कार्यशाळा, अनुदाने, परिषदा आणि फेलोशिपा यांचे मोठे जाळे विणले गेले आहे. या जाळ्याचा विचार आपल्या नियतकालिकांतून क्वचितच होतो. झालाच तर दोन टोकांनी होतो. एक टोक म्हणते, हा सारा परदेशी पैशाचा खेळ आहे, आपल्याला त्याचे काय? दुसरे टोक म्हणते, संधी खुल्या आहेत, आपली मुलेच अर्ज करीत नाहीत. दोन्ही विधाने आळशी आहेत.

पहिल्या टोकाला आधी उत्तर देतो. बाहेरून मिळालेली मदत पत्रकारितेत काय घडवू शकते याचा इतिहास अगदी स्पष्ट आहे. १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये फिलिप स्टर्न नावाच्या गृहस्थाने शोधपत्रकारितेसाठी एक छोटा निधी उभा केला. त्या निधीने सेमूर हर्श या मोकळ्या, कोणत्याही पत्राच्या नोकरीत नसलेल्या वार्ताहराला प्रथम २५० डॉलर दिले, नंतर २००० दिले. त्या पैशातून त्याने प्रवास केला, सैनिकांना गाठले आणि व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकन सैन्याने केलेले हत्याकांड उजेडात आणले. रकमा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. त्या प्रचंड नव्हत्या. फक्त योग्य वेळी, योग्य माणसाच्या हाती आणि कोणत्याही संपादकाची परवानगी न मागता पोचल्या.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. फिलिप मेयर हा एका वृत्तपत्रसमूहाचा वॉशिंग्टनमधील वार्ताहर. १९६६-६७ या वर्षी त्याला हार्वर्ड विद्यापीठाची नीमन फेलोशिप मिळाली. ही फेलोशिप १९३८ पासून चालू आहे. कामावरून एक वर्ष सुटी घेऊन पत्रकाराने हवे ते शिकावे अशी तिची रचना. मेयरने समाजशास्त्रातील पाहणीच्या पद्धती आणि संगणक शिकून घेतला. तो परतला आणि १९६७ च्या जुलैत डेट्रॉइट शहर पेटले. ४३ माणसे मेली. दंगल कोणी केली? प्रस्थापित वृत्तपत्रांकडे उत्तर तयार होते : अडाणी, तळागाळातले, दक्षिणेतून नुकतेच आलेले आणि शहरात न रुळलेले काळे लोक. मेयरने काळ्या वस्तीत नमुना-पाहणी करवली आणि उत्तरे संगणकावर तपासली. शिक्षणाचा संबंध लागला नाही. कॉलेजात गेलेलाही शाळा सोडलेल्याइतकाच दंगलीत होता. दक्षिणेतून आलेल्यांपेक्षा उत्तरेत वाढलेल्यांचा सहभाग जास्त निघाला. म्हणजे जे लोक शहरात रुळले होते, ज्यांना बरोबरीचे आश्वासन मिळाले होते आणि ती मिळाली नव्हती, ते रस्त्यावर आले होते. या वार्तांकनासाठी 'डेट्रॉइट फ्री प्रेस'ला १९६८ चे पुलित्झर मिळाले आणि मेयरच्या १९७३ च्या 'प्रिसिजन जर्नालिझम' या ग्रंथाने या पद्धतीला नाव दिले.

आता या गोष्टीतले एक पान उलटून पाहावे. पाहणीसाठी घरोघर गेलेले मुलाखतकार काळे होते. ते जाणीवपूर्वक निवडले होते, कारण गोऱ्या माणसापुढे त्या वस्तीतले दार आणि मन उघडले नसते. त्यांना कामापुरते प्रशिक्षण मिळाले. वर्षभराची फेलोशिप एकाला, आणि कामापुरते प्रशिक्षण बाकीच्यांना! मेयरच्या कामाची थोरवी यामुळे कमी होत नाही. पण शोधपत्रकारितेच्या शिक्षणाची पहिली विभागणी इथेच दिसते. एकाने प्रश्न तयार करायचे, दुसऱ्यांनी ते विचारून आणायचे. आपल्याकडे आजही जिल्ह्याच्या ठिकाणचा दलित किंवा आदिवासी कार्यकर्ता दिल्ली-मुंबईहून आलेल्या वार्ताहराला वस्तीत नेतो, बोली उलगडून सांगतो, कागद मिळवून देतो, आणि छापून आलेल्या वृत्तान्तात 'एका स्थानिक कार्यकर्त्याने सांगितले' एवढ्या चार शब्दांत संपतो. त्याने केले ते शोधपत्रकारितेचे निम्मे काम असते. फेलोशिपच्या अर्जात मात्र ते 'अनुभव' म्हणून लिहिण्याची सोय नाही.

दुसरे टोक : संधी खुल्या आहेत, आपली मुलेच येत नाहीत. याला उत्तर आकड्यांनीच दिलेले बरे. १९९६ साली एका परदेशी वार्ताहराला एका दलित पत्रकाराशी बोलायचे होते. त्याने बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकाराला विचारले. उनियालांना एकही आठवेना. त्यांनी केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त वार्ताहरांची यादी घेतली. त्यात ६८६ नावे होती. आडनावांवरून जात कळणारे वेगळे काढले, उरलेल्यांपैकी काहींना फोन करून विचारले. एकही दलित सापडला नाही. 'पायोनियर'मध्ये त्यांनी हे लिहिले. माझ्या मते भारतीय पत्रकारितेतील आकडेवारीच्या वार्तांकनाचा हा एक उत्तम नमुना आहे. त्याला लागले काय, तर एक छापील यादी, एक टेलिफोन आणि स्वतःच्याच व्यवसायाकडे संशयाने पाहण्याची तयारी. पुढे २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी वृत्तसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ पत्रकारांची पाहणी केली. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी प्रमुख पदे मोजली. १२१ पदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे. अनुसूचित जाती-जमाती, पुन्हा शून्य. तेवीस वर्षांच्या अंतराने केलेल्या तीन मोजण्या आणि तिन्हींत तेच शून्य. ते अर्ज न करण्याने आलेले नाही. मुंबईपासून मराठवाड्यापर्यंत पत्रकारितेच्या वर्गांत आमची मुले बसतात, पदव्या घेतात. वर्ग आणि वृत्तकक्ष यांच्यामध्ये काहीतरी घडते.

ते काय घडते हे पाहण्यासाठी अर्जाचा नमुना वाचावा. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण बहुतेक नमुन्यांचा सांगाडा एकच असतो. प्रथम येते ती पूर्वप्रकाशित लेखनाची अट. तीन किंवा पाच कात्रणे, बहुधा इंग्रजीत किंवा इंग्रजी अनुवादासह. ज्याला शोधवृत्तान्त लिहिण्यासाठी मदत हवी आहे त्याने आधी शोधवृत्तान्त लिहून दाखवावा! पोहता येणाऱ्यालाच पाण्यात सोडू असे म्हणण्यासारखे हे आहे. तालुक्याच्या पत्रात काम करणाऱ्या मुलाची कात्रणे म्हणजे सत्कार, निवडणूक, अपघात, जयंतीच्या मिरवणुका. गावातल्या सावकाराने गायरानावर कसा कब्जा केला याची बातमी त्याने लिहिली असेलही, पण ती छापली गेलेली नसते. आणि न छापलेल्या बातमीचे कात्रण होत नाही.

त्यानंतर संपादकाचे पत्र. वृत्तान्त पुरा झाल्यावर आपण तो प्रसिद्ध करू असे संपादकाने लिहून द्यायचे. अनुदान देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर अट वाजवी आहे; पैसे दिले आणि काही छापलेच गेले नाही असे होऊ नये. पण वर दिलेले तीन आकडे ध्यानात घेतले की या अटीचा अर्थ बदलतो. स्वतंत्र निधीचा मूळ हेतू संपादकाच्या इच्छेपासून वार्ताहराला मोकळे करण्याचा. इथे तीच इच्छा अर्जाच्या पहिल्या पानाला टाचून जोडावी लागते. हर्शला जर असे पत्र आणायला सांगितले असते तर माय लायचे काय झाले असते? अनेक मान्यवर नियतकालिकांनी तो वृत्तान्त नाकारल्यावर एका छोट्या वृत्तसंस्थेमार्फत तो बाहेर पडला होता.

आणि मग खर्च. प्रवासाचे पैसे आधी स्वतः करायचे, पावत्या जोडायच्या, दोन-तीन महिन्यांनी परत मिळतील. ही ओळ जाहिरातीत सर्वांत बारीक अक्षरात असते आणि सर्वांत जास्त माणसे हीच ओळ गाळते. एस.टी.चे तिकीट, लॉजचे भाडे, झेरॉक्स यासाठी दहा-पंधरा हजार रुपये उसने न घेता अडकवून ठेवू शकणारा माणूस कोण? वस्तीतल्या घरी दुपारच्या जेवणाची पावती कोण देणार?

भाषेविषयी वेगळे सांगायला नको, तरी एक गोष्ट नोंदवतो. जागतिक शोधपत्रकारिता जाळे २००३ पासून उभे आहे. दर दोन वर्षांनी त्याची परिषद भरते, तिला येण्यासाठी गरीब देशांतील पत्रकारांना पूर्ण खर्चाच्या फेलोशिपा मिळतात. २०२५ मध्ये ती क्वालालंपूरला झाली, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. त्यांचे मार्गदर्शक साहित्य हिंदी, बंगाली, उर्दूत येऊ लागले आहे. टेक्सास विद्यापीठातील नाइट सेंटर इंटरनेटवरून फुकट अभ्यासक्रम चालवते. हे सारे चांगले आहे आणि ज्याला इंग्रजी वाचता येते त्याने ते जरूर घ्यावे. फुकट मिळणाऱ्या विद्येकडे पाठ फिरवणे ही आपली परंपरा नव्हे. पण या अभ्यासक्रमांत दिलेल्या आकड्यांचे तक्ते स्वच्छ असतात. आपल्या सरकारी कागदांचे तसे नसते. शासन-निर्णय वाकडा स्कॅन केलेला, अक्षर जुन्या फॉन्टमधले, एकाच गावाचे नाव तीन रकान्यांत तीन प्रकारे. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलून संगणकाच्या तक्त्यात टाकला की जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. हे शिकवणारा गुरू टेक्सासमध्ये नाही. तो जिल्हा परिषदेत बावीस वर्षे टंकलेखन केलेला एखादा निवृत्त लिपिक असेल. त्याला व्याख्याता म्हणून बोलावण्याचे अजून कोणाला सुचलेले दिसत नाही.

इथे मूळ मुद्द्याकडे येतो. प्रशिक्षण देणाऱ्या बहुतेक संस्थांची समजूत अशी आहे की आकडा हा तटस्थ आहे, त्याला हाताळण्याचे तंत्र तेवढे शिकवायचे आहे. दलित समाजाच्या बाबतीत ही समजूत पहिल्याच पायरीवर कोसळते. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ च्या जनगणनेत सुमारे ७ टक्के होते, १९९१ मध्ये ते सुमारे ११ टक्के झाले. तंत्र शिकून आलेला हुशार तरुण या दोन आकड्यांवरून लोकसंख्यावाढीची खमंग बातमी करील. आमच्या वस्तीतली कोणतीही आजी त्याला सांगेल की दहा वर्षांत कोणाला एवढी पोरे झाली नाहीत. १९९० साली कायदा बदलला आणि बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत गणले जाऊ लागले. पुढे २०११ ची जनगणना घ्या. महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२०० आणि त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंदलेले सुमारे ५२ लाख. मग उरलेले तेरा लाख कोण? त्यांनी जातीच्या रकान्यात काही लिहिले नाही, की गणकाने विचारले नाही, की 'बौद्ध' म्हणजेच जात असे समजून पुढचा रकाना कोरा राहिला? धर्मांतराने जात टाकली या निष्ठेने कोणी मुद्दाम नकार दिला असेल, तर तो नकारही या आकड्यात दडलेला आहे. ही एक संपूर्ण लेखमाला आहे आणि तिच्यासाठी लागणारे कौशल्य कोणत्याही कार्यशाळेच्या वेळापत्रकात नाही. ते घरात मिळते.

अत्याचारांच्या आकड्यांचेही तसेच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली अनुसूचित जातींवरील अत्याचारांचे ५७,५८२ गुन्हे आहेत. आकडा मोठा आहे, मथळ्याला सोयीचा आहे. पण एका घटनेत अनेक गुन्हे असले तर त्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढाच मोजायचा, हा या विभागाचा नियम आहे. बलात्कार करून खून झाला तर तो खुनाच्या रकान्यात जातो. बलात्कार आकड्यांतून नाहीसा होतो. आणि ठाण्यात फिर्यादच घेतली नाही तर काहीच नोंदले जात नाही. ज्या जिल्ह्यात आकडा शून्य आहे तिथे शांतता आहे की दहशत आहे, हे तक्ता सांगत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले. पहिल्या बातम्यांनी त्याला अनैतिक संबंधांचा रंग दिला. चळवळीतल्या माणसांनी गावात जाऊन कागद आणि साक्षी गोळा केल्या तेव्हा कुठे महिन्याभराने मोठ्या वृत्तपत्रांना जाग आली. त्या कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांना शोधपत्रकारिता म्हणायचे की नाही? मी म्हणतो. एलायापेरुमल समितीचा अहवाल १९७० मध्ये संसदेपुढे आला आणि त्यातील अत्याचारांच्या नोंदींनी मुंबईतल्या तरुण लेखकांना अस्वस्थ केले. १९७२ च्या दलित पँथरच्या जन्मामागे जी कारणे होती त्यांत हा अहवाल होता. म्हणजे आकड्यांतून विद्रोह उभा राहण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही.

शब्दांच्या व्याख्येने माणसे कशी गायब होतात याचे उदाहरण २०२१ चे आहे. जुलै महिन्यात राज्यसभेत लेखी उत्तर आले की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच सरकारकडे गटारे आणि मैलाटाक्या साफ करताना मेलेल्यांचे शेकड्यांतले आकडे होते! २०१३ च्या कायद्यात 'हाताने मैला उचलणे' आणि 'धोकादायक सफाई' या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. मृत्यू दुसऱ्या व्याख्येत टाकले की पहिलीत शून्य उरते. उत्तर देणारे मंत्री पँथरच्या चळवळीतून वर आलेले होते, ही गोष्ट कडू असली तरी नोंदवलीच पाहिजे. सफाई कर्मचारी आंदोलनाने अशा मृत्यूंची स्वतःची मोजणी वर्षानुवर्षे ठेवली नसती, तर ते शून्य पचून गेले असते.

आकड्यांची ही दृष्टी पाश्चात्त्यांकडून शिकायची आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने मुंबई कायदेमंडळातील बाबासाहेबांचे मार्च १९२७ चे शिक्षण-अनुदानावरील भाषण काढून वाचावे. सरकार दरडोई शिक्षणावर चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवले. लोकसंख्येत कोणत्या वर्गाचा क्रम कितवा आणि शिक्षणात कितवा हेही मांडले. सरकारचेच आकडे, सरकारच्याच पुस्तकातले. फक्त दोन वेगळ्या पानांवर होते ते एका पानावर आणले. आणि मदतीविषयी बोलायचे तर 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला तो राजर्षी शाहूंच्या २५०० रुपयांवर. त्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, हे चरित्रकारांनी नमूद केले आहे. शाहू महाराजांनी कात्रणे मागितली नव्हती, की टिळकपंथीय संपादकाचे शिफारसपत्र मागितले नव्हते.

तरीही अर्जाच्या वाटेने काहीच साधत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये 'द वायर'साठी तुरुंगांतील जातिव्यवस्थेवर वृत्तान्त लिहिला. कोणत्या कैद्याने झाडायचे, कोणी स्वयंपाक करायचा, हे अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत जातीनुसार लिहिलेले होते. त्यांनी त्या नियमावल्या वाचल्या आणि सुटलेल्या कैद्यांना गाठले. या मालिकेला वॉशिंग्टनच्या पुलित्झर सेंटरचे साहाय्य होते. पुढे त्या स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. नियमावल्या गुप्त नव्हत्या. त्या वाचायला वेळ लागतो, आणि वेळेला पैसे लागतात, एवढेच. याच निकालात तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्याचा आदेश होता. मग गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीचे काय, हा प्रश्न आला आणि आकडेवारी गोळा करण्यास बाध येणार नाही असा खुलासा न्यायालयाला करावा लागला. जात विचारणे हा अपमान केव्हा आणि जात मोजणे हा न्यायाचा आधार केव्हा, हा भेद शिकवणारा तास प्रत्येक पत्रकारिता-वर्गात असायला हवा.

अमेरिकेतल्या काळ्या पत्रकारांनी या प्रश्नावर जो मार्ग काढला तो आपल्याला उपयोगी वाटतो. आयडा बी. वेल्स गुलामीत जन्मली, शिक्षिका झाली, मेंफिसमध्ये पत्र चालवू लागली. १८९२ मध्ये तिच्या ओळखीतल्या तीन काळ्या दुकानदारांना जमावाने ठार मारले. तिने लिंचिंगच्या घटना एकेक करून तपासल्या; तिच्या पत्राची कचेरी उद्ध्वस्त झाली, तिला शहर कायमचे सोडावे लागले. १८९५ च्या 'द रेड रेकॉर्ड'मध्ये तिने आकडे वापरले ते गोऱ्यांच्याच 'शिकागो ट्रिब्यून'चे, म्हणजे आकडे फुगवले असे कोणी म्हणू नये. बलात्काराच्या सबबीखाली हे चालते असे सांगितले जाई; मारल्या गेलेल्यांपैकी एक-तृतीयांशांवरसुद्धा तसा आरोपही नव्हता, हे तिने मोजून दाखवले. पुलित्झरवाल्यांना तिची आठवण २०२० साली झाली. त्याआधी, २०१६ मध्ये, निकोल हॅना-जोन्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिच्या नावाने शोधपत्रकारितेची संस्था काढली. काळ्या व इतर वर्णांच्या पत्रकारांना कागदपत्रे मिळवणे, आकडे तपासणे, संपादकापुढे वृत्तान्त लढवणे हे शिकवायचे, तेही त्यांच्यातल्याच अनुभवी पत्रकारांकडून. नंतर ही संस्था अटलांटाच्या मोरहाउस या काळ्यांच्या ऐतिहासिक महाविद्यालयात गेली. दारावर थाप मारत बसण्याऐवजी त्यांनी आपली शाळा काढली, आणि अशी शाळा काढताना प्रस्थापित संस्थांशी संबंधही तोडले नाहीत.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे काम २००२ मध्ये चित्रकूटला सुरू झालेल्या 'खबर लहरिया'ने केले. दलित आणि इतर ग्रामीण स्त्रिया, जेमतेम शिकलेल्या. बुंदेलीत लिहायला, छायाचित्र काढायला, ठाण्यात जाऊन फौजदाराला प्रश्न विचारायला तिथेच शिकल्या. त्यांच्यावरचा अनुबोधपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला आणि जगभर टाळ्या पडल्या. त्या स्त्रियांनी मात्र २०२२ मध्ये जाहीर केले की चित्रपटात दिसते ते आमच्या कामाचे अपुरे चित्र आहे. मला हा क्षण महत्त्वाचा वाटतो. मदत करणाऱ्या जगाला दलित स्त्री-पत्रकाराची कहाणी हवी असते. तिने केलेल्या बातम्या त्या मानाने कमी हव्या असतात. फेलोशिपच्या मुलाखतीतही आमच्या मुलांना हाच अनुभव येतो. 'तुमचा संघर्ष सांगा' म्हणतात. तो सांगून झाला की वेळ संपलेला असतो, आणि सिंचनाच्या निविदांचा जो गठ्ठा तो मुलगा पिशवीत घेऊन आलेला असतो तो पिशवीतच राहतो.

पैशाच्या मार्गातल्या अडचणीही ओळखून असाव्यात. परकीय निधी नियमन कायद्याने नोंदणीकृत वृत्तपत्राच्या वार्ताहराला, संपादकाला, मालकाला परकीय देणगी घेण्यास मनाई आहे; मानधन, वेतन अशा काही वाटा अपवाद म्हणून मोकळ्या आहेत, त्या कोणत्या हे करार करण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद केले. याचा मार मोठ्या संस्थांना बसला नाही. त्यांच्यामार्फत ज्यांना चार पैसे मिळत ते जिल्ह्यातले छोटे गट सुकले. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने आपली परदेशी मदत आखडती घेतली तेव्हा अनेक देशांतली स्वतंत्र वृत्तकेंद्रे एका रात्रीत अडचणीत आली. एकाच विहिरीवर गाव वसवल्याचा हा परिणाम.

मग आपल्या हाताशी काय आहे? माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये, पहिल्या अपिलाला वीस, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाचे शुल्क नाही, आणि अर्ज मराठीत करता येतो. २०२३ च्या विदा-संरक्षण कायद्याने 'वैयक्तिक माहिती'च्या नावाखाली नकार देणे अधिकाऱ्याला सोपे करून ठेवले आहे, म्हणून अर्ज कसा लिहायचा हे आता अधिक नेमकेपणाने शिकावे लागेल. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी कुठे वळतो हा विषय आहे. २०२५ मध्ये खुद्द सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच आपल्या खात्याचा पैसा दुसऱ्या योजनेकडे वळवल्याची जाहीर तक्रार केली, तेव्हा कार्यकर्त्यांनी संशयाची भाषा सोडून अर्थसंकल्पाची पुस्तके उघडायला हरकत नाही. पुण्याच्या बाबासाहेबांच्या नावाच्या संशोधन व प्रशिक्षण संस्थेने स्पर्धा परीक्षांच्या जोडीला दरवर्षी तीस मुलांची एक तुकडी या कामासाठी नियमित चालवावी, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी का करू नये? अट एवढीच असावी की कात्रणे मागायची नाहीत, प्रवासखर्च आधी द्यायचा आणि प्रत्येकाने आपल्या तालुक्यातला एक कागद घेऊन यायचे.

१ मार्च २०२७ हा संदर्भ-दिवस धरून जनगणना जाहीर झाली आहे आणि तिच्यात स्वातंत्र्यानंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणार आहे. बिहारने २०२३ मध्ये आपले सर्वेक्षण प्रसिद्ध केले तेव्हा चर्चा झाली ती बहुतेक ठिकाणी पहिल्या पानावरच्या चार टक्केवाऱ्यांची. घर, जमीन, नोकरी यांचे तक्ते त्यानंतर आले आणि ते फार थोड्यांनी वाचले. महाराष्ट्राचे तक्ते येतील तेव्हा ते प्रथम कोण वाचणार हे आताच ठरत आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान दोन जण असे हवेत की ज्यांनी १९८१, १९९१ आणि २०११ चे आपल्या तालुक्याचे आकडे आधीच उतरवून ठेवले आहेत, बौद्धांच्या रकान्याचा घोळ ज्यांना ठाऊक आहे, आणि गणक दारात येईल तेव्हा तो कोणता रकाना न विचारता पुढे जातो हे जे लिहून ठेवतील.